मेलव्हिलचे ‘मौन’ : एका कादंबरीकाराच्या चरित्राची चिकित्सा

हर्मन मेलव्हिल (१८१९–१८९१) या अमेरिकन कादंबरीकाराचे चरित्र बहुधा तीन अंकी नाटकाच्या घाटात सांगितले जाते. पहिल्या अंकात एक दर्यावर्दी तरुण दक्षिण समुद्रातील नरभक्षक समजल्या जाणाऱ्या लोकांत राहून येतो आणि त्या अनुभवावर लिहिलेल्या पहिल्याच पुस्तकाने प्रसिद्धी पावतो. दुसऱ्या अंकात तो ‘मोबी-डिक’ ही आपली श्रेष्ठ कृती लिहितो; वाचक तिच्याकडे पाठ फिरवतात, आणि खचलेला लेखक लेखणी खाली ठेवून न्यूयॉर्कच्या जकात खात्यात नोकरी धरतो. तिसरा अंक मरणोत्तर आहे. जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणजे १९१९ नंतर, त्याचा नव्याने शोध लागतो आणि विस्मृतीत गेलेला हा लेखक पुढे अमेरिकेच्या थोर कादंबरीकारांच्या पंक्तीत जाऊन बसतो.

हा घाट आकर्षक आहे, आणि पाठ्यपुस्तकांना सोयीचाही आहे. त्यातील पहिला व तिसरा अंक बऱ्याच अंशी खरे आहेत. दुसऱ्या अंकाचा शेवट मात्र कागदपत्रांच्या कसोटीला उतरत नाही. १८५७ नंतर मेलव्हिलने एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही हे खरे. पण तो मूक झाला हे खरे नाही. हे मौन त्याने पाळलेले नसून चरित्रकारांनी त्याच्यावर लादलेले आहे. ते कसे लादले गेले, हे पाहणे केवळ अमेरिकन वाङ्मयाच्या अभ्यासकालाच उपयोगाचे आहे असे नाही. लेखकाची ‘कारकीर्द’ म्हणजे काय आणि ती केव्हा संपली असे म्हणावयाचे, हा प्रश्न कोणत्याही भाषेच्या वाङ्मयेतिहासकाराला पडणारा आहे.

मेलव्हिलचा जन्म १ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. दोन्ही आजोबा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात गाजलेले. वडील फ्रेंच कापडचोपड व शोभेच्या वस्तू आयात करणारे व्यापारी. १८३० साली धंदा बुडाला, कुटुंब ऑल्बनीस गेले, आणि १८३२ च्या जानेवारीत वडील वारले. बाराव्या वर्षी शाळा सुटून मुलगा बँकेत कारकुनीस लागला. पुढे शेत, दुकान, शाळामास्तरकी असे सर्व करून झाल्यावर १८३९ मध्ये त्याने एका व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून लिव्हरपूलची सफर केली. ३ जानेवारी १८४१ रोजी ‘अकुश्नेट’ या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून तो पॅसिफिक महासागराकडे निघाला. जुलै १८४२ मध्ये मार्केसस बेटांपैकी नुकु हिवा येथे तो आणि रिचर्ड टोबायस ग्रीन हा सोबती जहाजावरून पळाले व तायपी लोकांच्या खोऱ्यात जाऊन राहिले. तेथून दुसरे एक शिकारी जहाज, त्यावरील खलाशांची बंडाळी, ताहितीत अटक, होनोलुलू, आणि शेवटी अमेरिकन आरमाराच्या ‘युनायटेड स्टेट्स’ या युद्धनौकेवरून ऑक्टोबर १८४४ मध्ये बॉस्टन बंदरात पुनरागमन, असा हा पावणेचार वर्षांचा प्रवास आहे.

या अनुभवातून ‘टायपी’ (१८४६) आणि ‘ओमू’ (१८४७) ही पुस्तके निघाली. ‘टायपी’ लंडनमध्ये जॉन मरे याने प्रसिद्ध केले. मरेच्या त्या मालेत सत्य प्रवासवृत्तांतच घेतले जात, आणि एका साध्या खलाशाने असे लिहिले असेल यावर त्याचा पुरता विश्वास बसत नव्हता. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच बफेलो शहरात पाट्या रंगविण्याचे काम करणारा ग्रीन प्रकट झाला आणि पुस्तकातील ‘टोबी’ तो मीच, अशी त्याने वृत्तपत्रातून ग्वाही दिली. गंमत अशी की या साक्षीमुळे पुस्तकातील प्रत्येक शब्द खरा असल्याची समजूत दृढ झाली आणि तिचे परिणाम पुढे जवळजवळ शंभर वर्षे भोगावे लागले.

मेलव्हिलचे पहिले विस्तृत चरित्र रेमंड वीव्हर याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. पत्रे व दप्तरे फारशी हाती नसल्यामुळे वीव्हरने कादंबऱ्यांनाच आत्मचरित्र मानले आणि निवेदकाच्या आयुष्यातील घटना लेखकाच्या नावावर जमा केल्या. १९३९ मध्ये चार्ल्स अँडरसन याने जहाजांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तायपी खोऱ्यातील मुक्काम पुस्तकात म्हटल्याप्रमाणे चार महिन्यांचा नसून सुमारे चार आठवड्यांचा होता, आणि पुस्तकातील पुष्कळसा तपशील डेव्हिड पोर्टर, चार्ल्स स्ट्यूअर्ट आदींच्या प्रवासवर्णनांतून घेतलेला होता, असे दिसून आले. ‘व्हाइट-जॅकेट’मधील नायक डोलकाठीवरून समुद्रात कोसळण्याचा थरारक प्रसंगही दुसऱ्या एका खलाशाच्या पुस्तकावरून उचलून घडविलेला निघाला. १९५१ मध्ये विल्यम गिलमन याने ‘रेडबर्न’च्या बाबतीत हेच दाखविले. कादंबरीतील कोवळा, भाबडा पोर आणि लिव्हरपूलला गेलेला विशीच्या उंबरठ्यावरील मेलव्हिल हे दोघे एक नव्हेत. त्याच वर्षी जे लेडा याने पत्रे, नोंदी, हिशेब व परीक्षणे कालक्रमाने लावून ‘द मेलव्हिल लॉग’ हे दोन खंड सिद्ध केले. चरित्रकाराने स्वतः जवळजवळ काहीच न बोलता केवळ कागद बोलते ठेवण्याचे हे काम अद्यापही आदर्शवत् आहे.

कादंबऱ्या म्हणजेच जीवन, असे एकदा गृहीत धरले की कादंबऱ्या थांबल्यावर जीवनही थांबले, हा निष्कर्ष आपोआपच निघतो. वीव्हरने मेलव्हिलची शेवटची चार दशके जवळजवळ एका प्रकरणात गुंडाळली, त्याचे मूळ या गृहीतकात आहे.

कादंबरीलेखनाची अकरा वर्षे तुलनेने सुपरिचित आहेत. १८४७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांची कन्या एलिझाबेथ हिच्याशी विवाह; १८४९ मध्ये ‘मार्डी’ ही रूपकात्मक, पसरट आणि अपयशी कादंबरी; त्या अपयशाची भरपाई म्हणून एकाच उन्हाळ्यात झपाट्याने लिहिलेली ‘रेडबर्न’ (१८४९) आणि ‘व्हाइट-जॅकेट’ (१८५०). ही दोन पुस्तके आपण पैशासाठी, लाकडे कापावीत तशी केली, असे त्याने सासऱ्यांना कळविले होते. लेखकाचे स्वतःविषयीचे मत ग्राह्य धरण्याचे बंधन समीक्षेवर नसते. ‘रेडबर्न’मधील लिव्हरपूलच्या दारिद्र्याचे चित्रण त्या काळच्या कोणत्याही इंग्रजी कादंबरीशेजारी ठेवता येईल.

भारतीय अभ्यासकाने याच ‘रेडबर्न’मधील एका प्रकरणावर थोडे थांबावे. लिव्हरपूलच्या गोदीत ‘इरावडी’ नावाचे मुंबईचे जहाज उभे आहे. सागवानी बांधणीचे ते भव्य गलबत, त्यावरील हिंदी खलाशी, आणि त्यांच्यावर हुकमत गाजविणारा, लाल लष्करी डगला घातलेला परंतु अनवाणी असा त्यांचाच देशबांधव यांचे वर्णन निवेदक कौतुकाने व थोड्या विनोदाने करतो. एका खलाशाशी तो संभाषणही करतो. मेलव्हिलने भारत कधीही पाहिला नाही. मात्र मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी जहाजे त्या काळी सर्व समुद्रांवर फिरत होती. वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी मुंबईत १८१७ साली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. ‘रेडबर्न’नंतर दोनच वर्षांनी आलेल्या ‘मोबी-डिक’मध्ये पारशी पुन्हा भेटतो, पण तो जहाजबांधणी करणारा नव्हे. फेदल्ला हा कप्तान एहॅबने जहाजाच्या पोटात लपवून आणलेला, भविष्य वर्तविणारा, जवळजवळ सैतानी अग्निपूजक आहे. ही व्यक्तिरेखा गोदीवरून आलेली नसून ग्रंथांतून आलेली आहे. पिएर बेल याचा कोश मेलव्हिलने १८४९ मध्ये विकत घेतला होता. समुद्रावर जे सहज दिसू शकत होते ते बाजूला राहिले आणि कोशात जे वाचले ते कादंबरीत उतरले.

याहून मनोरंजक उदाहरण घारापुरीचे. देवमाशाच्या चुकीच्या चित्रांविषयीच्या प्रकरणात निवेदक इश्मेल सांगतो, की देवमाशाचे सर्वांत प्राचीन चित्र भारतातील एलिफंटाच्या लेण्यात असून ते विष्णूच्या मत्स्यावताराचे आहे. घारापुरीचे मुख्य लेणे शैव आहे. तेथे सदाशिव आहे, अर्धनारीश्वर आहे, गंगाधर आहे, कैलास हलविणारा रावण आहे, मत्स्यावतार नाही. थॉमस मॉरिस याच्या भारतीय पुरातत्त्वावरील ग्रंथांतून ही माहिती आली असावी, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु ही केवळ चूक म्हणून सोडून देता येत नाही. ज्या प्रकरणाचा विषयच मुळी न पाहता काढलेली चित्रे हा आहे, त्यात निवेदकाने न पाहिलेल्या शिल्पाचा हवाला द्यावा, हे त्या कादंबरीच्या प्रकृतीशी सुसंगत आहे. देवमासा समग्र कोणालाच दिसत नाही, ग्रंथांनाही नाही आणि इश्मेललाही नाही.

‘मोबी-डिक’च्या निर्मितीचा इतिहासही सरळ नाही. १८५० च्या आरंभी लेखन सुरू झाले. मे महिन्यात ते निम्मे झाल्याचे मेलव्हिलने कळविले. ५ ऑगस्ट १८५० रोजी त्याची नॅथॅनिएल हॉथॉर्नशी गाठ पडली, आणि पुस्तक पुरे व्हावयास आणखी एक वर्ष लागले. या वर्षात शिकारीच्या साहसकथेचे रूपांतर वेगळ्याच कशात तरी झाले, यावरून ‘दोन मोबी-डिक’ असा सिद्धान्त मांडला गेला. आरंभी मोठ्या डौलाने आलेला बल्किंग्टन पुढे जवळजवळ नाहीसा होतो, अशा खुणा त्याच्या पुष्टीस आहेत. तथापि या सिद्धान्ताचा आधार घेऊन कादंबरीची दोन थरांत वाटणी करू पाहणाऱ्यांनी तिच्या वाचनाची हानीच केली आहे.

प्रकाशनाची कथा अधिक दुर्दैवी आहे. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनमध्ये रिचर्ड बेंटली याने ‘द व्हेल’ या नावाने तीन खंडांत ५०० प्रती काढल्या. त्यात उपसंहार गळाला होता. जहाज सर्वांसह बुडाले तर ही कथा सांगणारा वाचला कसा, असा प्रश्न इंग्लिश परीक्षकांनी विचारला आणि त्यांतील काही प्रतिकूल अभिप्राय अमेरिकेतही पोहोचले. नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या हार्पर यांनी काढलेल्या आवृत्तीत उपसंहार होता. परंतु तिच्या मेलव्हिलच्या हयातीत सुमारे ३,२०० प्रतीच खपल्या. १८५२ च्या ‘पिएर’ने उरलीसुरली पत घालविली. मेलव्हिलला वेड लागले, असा मथळा एका वृत्तपत्राने छापला.

यानंतरची काही वर्षे मासिकांची. ‘पटनम्स’ मासिक त्याला पानाला पाच डॉलर, म्हणजे चांगला दर, देत असे. ‘बार्टलबी’ (१८५३) आणि ‘बेनितो सेरेनो’ (१८५५) या कथा तेथेच आल्या. वकिलाच्या कचेरीत नकला करणारा बार्टलबी प्रत्येक कामास सौम्य नकार देत देत अखेर जगण्यासही नकार देतो. ही कथा मेलव्हिलच्या स्वतःच्या वाङ्मयीन निवृत्तीचे भाकीत आहे, असे पुष्कळांनी म्हटले. तेव्हा तो भराभर लिहीत होता, ही साधी गोष्ट या भाष्यात विसरली गेली. १ एप्रिल १८५७ रोजी ‘द कॉन्फिडन्स-मॅन’ प्रसिद्ध झाली आणि कादंबरीकार म्हणून त्याची छापील कारकीर्द संपली.

आता कथित मौनाकडे वळता येईल. १८५६–५७ मध्ये सासऱ्यांच्या पैशाने मेलव्हिल युरोप व पॅलेस्टाइन हिंडून आला. वाटेत लिव्हरपूलला हॉथॉर्न भेटला. तो तेव्हा तेथे अमेरिकेचा वकील होता. या माणसाला श्रद्धा ठेवता येत नाही आणि अश्रद्धेत स्वस्थही बसवत नाही, अशा आशयाची नोंद हॉथॉर्नने आपल्या रोजनिशीत केली. १८६० मध्ये भावाच्या जहाजावरून सॅन फ्रान्सिस्कोला निघण्यापूर्वी मेलव्हिलने एका काव्यसंग्रहाचे हस्तलिखित प्रकाशकांना दाखविण्यासाठी घरी ठेवले. ते कोणीही स्वीकारले नाही. जकात खात्यातील नोकरीपूर्वी सहा वर्षे तो कवी झालेला होता, एवढे यावरून निर्विवाद सिद्ध होते. १८६६ मध्ये यादवी युद्धावरील ‘बॅटल-पीसेस’ हा संग्रह हार्पर यांनी काढला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो न्यूयॉर्क बंदरावर दिवसाला चार डॉलर पगाराचा जकात निरीक्षक झाला, आणि १८८५ च्या अखेरीस त्याने ती नोकरी सोडली. या एकोणीस वर्षांत सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी त्याने ‘क्लॅरेल’ (१८७६) लिहिले. जेरुसलेम व मृत समुद्राच्या परिसरातील यात्रेकरूंचे, श्रद्धा आणि संशय यांचे, सुमारे १८,००० ओळींचे ते काव्य आहे. मामा पीटर गान्सव्हूर्ट यांच्या पैशाने ते छापले गेले. न खपलेल्या प्रतींचा १८७९ मध्ये लेखकाच्या संमतीने लगदा करण्यात आला. १८८८ चा ‘जॉन मार’ आणि १८९१ चा ‘टिमोलिऑन’ हे संग्रह प्रत्येकी २५ प्रतींचे, खासगी. चौतीस वर्षांच्या या कामाला मौन म्हणावयाचे असेल, तर ज्याला गिऱ्हाईक नाही ते लेखनच नव्हे, असे प्रथम मान्य करावे लागेल.

येथे एक तुलनात्मक निरीक्षण अस्थानी होणार नाही. अमेरिकन चरित्रकार जकात खात्याचा उल्लेख करतात तो पतनाच्या सुरात. लेखणीवर उपजीविका हा तेथे वाङ्मयीन यशाचा गृहीत मापदंड आहे, आणि नोकरी म्हणजे पराभव. भारतीय भाषांच्या वाचकाला हा सूर अनोळखी वाटतो. बंकिमचंद्र १८९१ पर्यंत सरकारी नोकरीत होते. ‘इंदुलेखा’कार चंदु मेनन न्यायखात्यात, फकीरमोहन सेनापती संस्थानांच्या दिवाणगिरीत, केशवसुत शाळेत. यांपैकी कोणाच्याही नोकरीला वाङ्मयीन मृत्यू म्हटले गेले नाही. अमेरिकेतही हॉथॉर्नने सेलमच्या जकात कचेरीत काम केले होतेच, आणि ‘द स्कार्लेट लेटर’च्या (१८५०) प्रस्तावनेत ती कचेरी अमर केली होती. मेलव्हिलच्या बाबतीत क्रम उलटा झाला, इतकेच.

अर्थात या निरीक्षणाने त्या घरातील दुःख हलके होत नाही, आणि चरित्राच्या नव्या मांडणीच्या भरात ते पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७५ मध्ये प्रकाशात आलेल्या पत्रांवरून दिसते, की १८६७ च्या वसंतात एलिझाबेथच्या माहेरची मंडळी आणि तिचे धर्मगुरू यांच्यात तिने पतीपासून वेगळे व्हावे असा विचार चालला होता. मेलव्हिलचे डोके ठिकाणावर नाही, असे त्यांना वाटत होते. एलिझाबेथ गेली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अठरा वर्षांचा थोरला मुलगा माल्कम आपल्या खोलीत स्वतःच्या पिस्तुलाच्या गोळीने मृत आढळला. धाकटा स्टॅनविक्स १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारला. लेखकाची चिकाटी हा गुण खरा. तिचा खर्च घरातील सर्वांनी सोसला. बहीण ऑगस्टा आणि पत्नी यांनी त्याची हस्तलिखिते वर्षानुवर्षे सुवाच्य अक्षरात उतरून दिली होती, हाही त्याच हिशेबाचा भाग. ऑगस्टाने जपलेली पत्रे व ‘टायपी’च्या कच्च्या मसुद्याची काही पाने १९८३ मध्ये उजेडात आली आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात दाखल झाली.

२८ सप्टेंबर १८९१ रोजी मेलव्हिल वारला तेव्हा त्याच्या कागदांत एक अपुरे गद्य हस्तलिखित होते. बेड्या पडलेल्या एका खलाशाच्या फाशीपूर्व रात्रीची छोटी कविता आणि तिला जोडलेले गद्य टिपण, एवढेच त्याचे मूळ रूप. १८८६ नंतरच्या पाच वर्षांत ते टिपण वाढत वाढत ‘बिली बड’ ही लघुकादंबरी झाले. म्हणजे गद्याकडे त्याला परत नेले ते कवितेनेच. ‘युनायटेड स्टेट्स’ नौकेवरील जुना सोबती जॅक चेस याला त्याने ती अर्पण केली. एलिझाबेथने कागद सांभाळले. १९०६ मध्ये ती वारल्यावर ते पुढच्या पिढीकडे गेले, आणि नात एलिनॉर मेटकाफ हिने १९१९ मध्ये ते वीव्हरच्या हाती दिले.

वीव्हरने १९२४ मध्ये छापलेली संहिता घाईची होती. अक्षर दुर्बोध, कागदांवर कागद डकवलेले, एकाच वाक्याची तीन-तीन रूपे. तरीही याच संहितेवर कितीतरी समीक्षा लिहिली गेली; बेंजामिन ब्रिटनची १९५१ ची संगीतिकाही वीव्हरपासून चालत आलेल्या छापील पाठावर उभी आहे. १९६२ मध्ये हॅरिसन हेफर्ड आणि मर्टन सील्ट्स यांनी प्रत्येक पानाची शाई, कागद व हस्ताक्षर तपासून लेखनाचे टप्पे वेगळे केले. ‘प्रस्तावना’ म्हणून आरंभी छापला जाणारा मजकूर मेलव्हिलने बाजूला काढलेला एक तुकडा होता, असे त्यातून निष्पन्न झाले. त्या प्रस्तावनेतील फ्रेंच राज्यक्रांतीच्या उल्लेखावर ज्यांनी आपले अर्थनिर्णय उभारले होते, त्यांचा पायाच सरकला. जहाजाचे ‘इंडॉमिटेबल’ हे नाव बदलून ‘बेलिपोटेंट’ करण्याचा लेखकाचा अखेरचा विचार होता, हेही कळले. शिवाय आधीच्या संपादकांनी मेलव्हिलचे म्हणून वाचलेले काही शब्द त्याचे नव्हतेच. हस्तलिखित नीट लावताना एलिझाबेथने स्वतःसाठी पेन्सिलीने केलेल्या त्या खुणा होत्या.